नफा : ६३० रुपये ८८ पैसे

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला हिशेबशास्त्रात मला शंभरापैकी एकाहत्तर गुण होते आणि त्यातले निम्मे तरी घसाऱ्याच्या गणितांनी मिळवून दिलेले होते. त्यानंतरच्या आयुष्यात मला कुठल्याच विषयात एकाहत्तर गुण पडले नाहीत. संसारात पासापुरते पडतात, तेही परीक्षकाचा त्या दिवशीचा मूड पाहून. त्यामुळे घसाऱ्याबद्दल मला एक हळवी आपुलकी आहे.

कलाशाखेच्या वाचकांसाठी सांगतो. तुम्ही पाचशे रुपयांची एखादी वस्तू घेतलीत, की ती घरात आल्या दिवसापासून झिजायला लागते. ही झीज दर वर्षी किमतीतून वजा करायची, तिचं नाव घसारा. हा काढायच्या दोन पद्धती. एका पद्धतीत वस्तूची किंमत ठराविक वर्षांनी शून्य होते. दुसऱ्या पद्धतीत उरलेल्या किमतीवर दर वर्षी दहा टक्के कापत जायचे. तिच्यात किंमत कमी कमी होत जाते, पण शून्य कधीच होत नाही. म्हणजे वस्तू मोडली, जळली, चोरीला गेली तरी कागदावर तिच्यात थोडी धुगधुगी उरतेच. आम्हाला प्राध्यापकांनी ही दुसरी पद्धत अधिक शास्त्रीय म्हणून शिकवली होती, आणि या शास्त्राचा प्रयोग मी २०१२ साली आईच्या शिवणाच्या मशीनवर केला.

त्या वर्षी आम्ही वाड्यातल्या दोन खोल्या सोडून चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. वाड्यात जागा कमी होती पण वस्तू मावत होत्या. फ्लॅटमध्ये जागा जास्त होती, फक्त ती कुठे आहे ते सापडत नव्हतं. तेव्हा काय न्यायचं आणि काय काढायचं याची मी एक यादी केली. यादीत सातव्या क्रमांकावर आईचं मशीन होतं.

हे मशीन आईने १९७४ साली, लग्न झालं त्याच वर्षी, हप्त्याने घेतलं होतं. किंमत पाचशे रुपये. महिना पंचवीसप्रमाणे वीस हप्ते. व्याजाचं मी कधी विचारलं नाही. वाड्यातल्या बायकांचे परकर आणि पोलकी शिवून तिने ते फेडले. माझे शाळेतले शर्टही त्याच मशीनवर झाले. शेजारच्या काकूंनी पडदे शिवायला दिले, की उरलेल्या कापडात माझा शर्ट निघे. त्यामुळे काकूंचे पडदे आणि मी एकाच वाणाचे दिसायचो. वर्गात मला ‘खिडकी’ म्हणत.

तर मी कागद घेतला. पाचशे रुपये, अडतीस वर्षं, दर साल दहा टक्के. उरलेली किंमत आली नऊ रुपये बारा पैसे. भंगारवाल्याने तराजू लावला. ओतीव लोखंडाचा स्टँड आणि वरचं मुंडकं मिळून बत्तीस किलो भरलं. वीस रुपये किलोने सहाशे चाळीस रुपये आले. लाकडी फळीचे त्याने काहीच दिले नाहीत. ती नेण्याचे पैसे तुम्हीच द्या, असा त्याचा चेहरा होता. मी आत जाऊन आईला म्हटलं, “आई, पुस्तकी किंमत नऊ रुपये बारा पैसे, आणि आले सहाशे चाळीस. सहाशे तीस रुपये अठ्ठ्याऐंशी पैसे निव्वळ नफा!”

आई पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, “बरं.”

आमच्या आईच्या ‘बरं’चा अर्थ ‘बरं’ असा नसतो, हे मला माहीत असायला हवं होतं. पण नफ्याच्या आनंदात माणसाला ऐकू कमी येतं.

त्यानंतर आमच्या घरात व्याकरणातला संकेतार्थ सुरू झाला. उशीचा अभ्रा फाटला, की “मशीन असतं तर.” पिशवीचा बंद तुटला, की “मशीन असतं तर.” वाक्य कधी पुरं होत नसे. तेरा-चौदा वर्षं मी ही अर्धी वाक्यं ऐकत आलो. गेल्या जूनमध्ये मुलीच्या शाळेच्या स्कर्टची पट्टी सोडवून पुन्हा घालायची होती. कोपऱ्यावरच्या आल्टरेशनवाल्याने ऐंशी रुपये सांगितले आणि वर “गुरुवारी या” म्हणाला. आई म्हणाली, “मशीन असतं तर.” या वेळी ही नुसतं माझ्याकडे बघत राहिली. बायकोच्या त्या नजरेवर घसारा लागत नाही. सोळा वर्षांपूर्वी होती तेवढीच धार आजही आहे.

“आई, विजेवरचं छोटं मशीन घेऊ या,” ही म्हणाली. “टेबलावर मावतं.”

“नको गं. ते पळतं आणि आपण त्याच्यामागे धावायचं. पायाचं कसं, आपण थांबलो की तेही थांबतं.”

नवीन पायाचं घ्यावं तर आईच्या मते नव्याचं लोखंड हलकं. माझ्या मते नवी वस्तू घेणं हे मुळातच अशास्त्रीय. पहिल्या वर्षाचा घसारा सगळ्यांत मोठा असतो, तो दुसऱ्या कोणी तरी सोसावा आणि मग आपण वस्तू घ्यावी. अशा रीतीने आई आणि मी वेगवेगळ्या रस्त्यांनी एकाच ठरावावर आलो : जुनं मशीन.

जुनी वस्तू घ्यायची असल्याचं बँकेत कधी बोलू नये. तिथे प्रत्येकाला प्रत्येक जुन्या वस्तूतलं कळतं. आमच्या मॅनेजरसाहेबांनी नुकतीच जुनी मोटार घेतली होती. त्यांनी मशीन किती किलोमीटर चाललंय ते आधी बघायला सांगितलं. हेडकॅशिअरने टिचकी मारून आवाज ऐकायला सांगितलं. तो पूर्वी रुपयाही तसाच तपासत असे. कर्जखात्यातल्या बाईंनी “मूळ पावती असल्याशिवाय घेऊ नका” असं बजावलं. सगळ्यांचं बोलून झाल्यावर आमच्या शिपाईमामांनी मला चहाच्या टेबलापाशी गाठलं. मामांचा मेहुणा शिवणकामात आहे.

“सायेब, ह्यांचं ऐकू नका. पाच गोष्टी बघायच्या. चाक हातानं आपल्याकडं फिरवायचं, लोण्यातनं सुरी गेल्यावानी फिरलं पायजे. दोन, चाक धरून हलवायचं. आतला दांडा खुळखुळला की सोडून द्यायचं. तीन, सुईखालचे दात. बोटाला टोचले पायजेत. गुळगुळीत झाले असतील तर कापड फुडं सरकायचं न्हाई. चार, सुई ज्या पट्टीतनं खाली जाती तिच्या भोकाला ओरखडे नकोत, दोरा तुटतो. आन् पाच, चिंधी शिवून बघायची. शिवली की उलटी करून बघायची. मानूस फसतंय ते सुलट्या अंगाला.”

नोकरीच्या तेवीस वर्षांत कर्ज मंजूर करण्याच्या जेवढ्या सूचना मी वाचल्या, त्यांपैकी एकीतही एवढा अर्थ नव्हता.

मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. पुण्यात राहणाऱ्याला यात काही चमत्कारिक वाटत नाही. रविवारी सकाळी मी तिथे गेलो. एका विक्रेत्याकडे दोन मशीनं होती. पहिल्याच्या मानेवर एका नामांकित विलायती कंपनीचं नाव सोनेरी अक्षरांत झळकत होतं. “इंग्रजांच्या जमान्यातलं आहे, साहेब,” तो म्हणाला. मी नखाने खरवडलं तर इंग्रजांचा जमाना सोलून माझ्या नखात आला. तो स्टिकर होता.

“ते सोडा. हे बघा अस्सल,” म्हणत त्याने दुसरं पुढे ओढलं. ते मात्र अस्सल असावं. सिंगर कंपनीच्या जुन्या मशीनवर क्रमांक कोरलेला असतो आणि त्याच्या आधीच्या अक्षरावरून कारखाना कळतो. हा क्रमांक ‘वाय’ने सुरू होत होता. मोबाइलवर शोधलं, तर वाय म्हणजे स्कॉटलंडमधला क्लाइडबँकचा कारखाना. १९८० साली तो बंद झाला. ज्या गावाच्या नावातच बँक आहे त्याच्यावर अविश्वास दाखवणं माझ्या पोटापाण्याला शोभलं नसतं. मी भक्तिभावाने चाकाला हात घातला. चाक हललं नाही. दोन्ही हातांनी जोर लावला. मी हललो.

“तेल घातलं की होईल मोकळं.”

“किती घालायचं?”

“घालत राहायचं.”

बुडीत कर्जांच्या बैठकांत मी हेच वाक्य वेगळ्या शब्दांत ऐकलेलं आहे. मी परतलो.

पण क्लाइडबँकने माझं कुतूहल चाळवलं होतं. रात्री वाचत बसलो. आयझॅक सिंगर हा मूळचा नट. त्याने १८५१ साली शिवणयंत्राचं पेटंट घेतलं. त्याच्याही आधी थिमोनिए नावाच्या फ्रेंच शिंप्याने यंत्र केलं होतं. आपला धंदा बसणार म्हणून पॅरिसच्या शिंप्यांनी १८३१ साली त्याचा कारखाना फोडला. बँकांत संगणक येऊ लागले तेव्हा आमच्या संघटनांनीही विरोध केला होता, पण आमची मजल घोषणांपर्यंतच गेली. गांधीजींना यंत्रांचं प्रेम नव्हतं, तरी शिवणयंत्राला त्यांनी अपवाद केला होता. सिंगरने बायकोचे कष्ट पाहून, तिच्यावरच्या प्रेमापोटी हे यंत्र केलं, असं त्यांनी १९२४ साली एका संभाषणात सांगितलं. सिंगरचं चरित्र पाहिलं तर नेमकं कुठल्या बायकोचे कष्ट, असा प्रश्न पडतो. न्यूयॉर्कमध्ये गृहस्थाचे एका वेळी एकाहून अधिक संसार चालू होते आणि मुलं वीसच्या वर. मी हे हिला वाचून दाखवलं.

“म्हणूनच काढलं असणार मशीन,” ही म्हणाली. “एवढ्या पोरांचे कपडे हाताने कोण शिवणार?”

मला मात्र सिंगरपेक्षा त्याचा भागीदार जवळचा वाटला. एडवर्ड क्लार्क. वकील होता. एवढं महाग मशीन सामान्य घरात एकरकमी कोण घेणार, म्हणून त्याने १८५६ साली ते हप्त्याने द्यायला सुरुवात केली. मशीन घरी न्या, त्याच्यावर कमवा आणि त्यातून फेडा. वाड्यातल्या एका खोलीत आमची आई १९७४ साली नेमकं हेच करत होती. मी मोबाइल बाजूला ठेवला आणि पंखा बघत पडलो. आमच्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचं तर कर्जदाराने वीसच्या वीस हप्ते वेळेवर भरले होते. तारण मात्र फेडीनंतर छत्तीस वर्षांनी मी किलोवर विकलं होतं.

शेवटी मामांच्या मेहुण्यानेच कसबा पेठेतल्या एका शिंपीकाकांचा पत्ता दिला. तयार कपड्यांनी गिऱ्हाईक नेलं, मोतीबिंदूने नजर नेली, तेव्हा काका दुकान आवरत होते. मशीन घ्यायला मी गेलो होतो, पण प्रश्न तेच विचारत होते.

“चालवणार कोण?”

“आई.”

“वय?”

“चौऱ्याहत्तर.”

काकांनी समाधानाने मान हलवली. पन्नाशीच्या आतल्या पोराटोरांना ते मशीन देत नसावेत.

“आधी घरात मशीन होतं?”

“होतं.”

“कुठे गेलं?”

रोज काउंटरपलीकडून असले प्रश्न मी विचारतो. उत्तर द्यायची सवय नाही. तोंडातून निघून गेलं, “हरवलं.”

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि माझ्याकडे पाहिलं. शिवणाचं मशीन हरवलेला माणूस त्यांच्या धंद्यात पहिल्यांदाच आला असावा.

“बसा. चालवून बघा.”

मी मामांची यादी मनात म्हणत पायडलवर पाय ठेवले. चाक उलटं फिरलं आणि दोरा तुटला. काकांनी दोरा ओवला. मी पुन्हा दाबलं, पुन्हा उलटं. चाकाला आधी हाताने आपल्याकडे गती द्यायची आणि मग पाय लावायचे, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्यांचा आवाज, वृद्ध खातेदारांना एटीएम समजावताना माझा होतो, तसा झाला होता.

अखेर त्यांनी मला उठवलं आणि स्वतः बसले. मघाशी माझ्याखाली अडून बसलेलं ते जनावर एकदम गायला लागलं. वीतभर शिवून त्यांनी चिंधी माझ्या हातात दिली. मी ती उलटी केली. काका पहिल्यांदाच हसले.

“कोणी शिकवलं?”

“आमच्या मामांनी.”

“बरोबर शिकवलं. वरचा दोरा सगळ्यांना दिसतो, साहेब. टाका बसतो तो खालच्या बॉबिनमधल्या दोऱ्यामुळे. दोघांचा ताण सारखा असला की गाठ कापडाच्या पोटात राहते. वर दिसत नाही, खाली दिसत नाही.”

म्हणजे दुहेरी नोंद पद्धत! प्रत्येक नावेला एक जमा. मी उत्साहाने त्यांना ते सांगितलं.

“ते तुमचं तुम्हाला ठाऊक,” काका म्हणाले. “पण खालचा संपला तर कळत नाही, एवढं लक्षात ठेवा. वरचा आपला पळतच असतो. वाटतं, शिवतोय. आणि कापड उचललं की दोन तुकडे दोन हातांत.”

यावर मला उत्साहाने काही सांगता आलं नाही.

“किती द्यायचे?” मी विचारलं.

“चार हजार पाचशे.”

जुन्या वस्तूचा भाव निम्म्याने मागायचा, असं मी घरून ठरवून आलो होतो. पण खोटं बोलून बसलेल्या माणसाला घासाघीस जमत नाही. माझी चुळबूळ पाहून काका म्हणाले, “पुन्हा हरवायचं नाही या अटीवर चार हजार तीनशे.”

मी दिले. टेम्पोचे सहाशे, हमालाचे दोनशे, नवा चामडी पट्टा दीडशे, तेल आणि सुया शंभर. एकूण पाच हजार तीनशे पन्नास. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये मशीन आणि हमाल मावले, मी मावलो नाही. मशीन लिफ्टने गेलं आणि मालक जिन्याने गेले. मी धापा टाकत वर पोचलो तोवर आई मशीनसमोर उभी होती. तिने तळहाताने चाक आपल्याकडे ओढलं आणि कान जवळ नेला.

“केवढ्याला?”

आईला किंमत सांगताना निम्मी सांगायची, असा आमच्या घरात दंडक आहे. “अडीच हजार.”

“फसवलं तुला,” आई म्हणाली. दंडक आहे तो यासाठीच. मग स्टँडवरून हात फिरवत ती म्हणाली, “आपलं बत्तीस किलो भरलं होतं.”

मी गप्प.

“सहाशे चाळीस आले. नफा झाला होता ना रे तुला?”

“हो. सहाशे तीस रुपये अठ्ठ्याऐंशी पैसे.”

“बरं,” आई म्हणाली.

या वेळी मला ते नीट ऐकू आलं.

ती आत गेली आणि कपाटाच्या तळातून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आणि एक घडी घेऊन आली. घडी उलगडली तर ती मशीनची खोळ. जुन्या साडीच्या काठाची, बाजूला कात्रीसाठी खिसा असलेली. मी मशीन विकलं तेव्हा खोळ तिने काढून ठेवली होती. माझ्या यादीत मशीन होतं, खोळ नव्हती. डब्यात बॉबिनं, सुया, खडूचा तुकडा आणि तेलाची लांब चोचीची डबी. बॉबिनं चालतील का, असं मी म्हणणार होतो, पण या जातीची बहुतेक मशीनं एकाच नमुन्याची असतात आणि ते आईला शिंपीकाकांइतकंच ठाऊक होतं. तिने एक अर्धी भरलेली पोपटी दोऱ्याची बॉबिन निवडली, केसमध्ये घातली आणि टक्कन आवाज करून बसवली.

“हा कुठला दोरा?” हिने विचारलं.

“हिच्या झबल्याचा,” आई नातीकडे हनुवटी करून म्हणाली. नात आता आठवीत आहे. मोबाइलमधून मान वर काढून तिने पहिल्यांदा मशीनकडे आणि मग आजीकडे पाहिलं.

वर मी आणलेला पांढरा दोरा आणि खाली तिचा पोपटी. चाकाला एक हात, मग पाय, आणि मशीन चालू झालं. ते उलटं फिरलं नाही, त्याची टाप नव्हती. आईने चिंधी माझ्याकडे टाकली. मी ती उलटी करून पाहिली. टाके दोन्हीकडून सारखे होते.

“पँट काढ,” आई म्हणाली.

“काय?”

“डाव्या पायाची खालून उसवलीय. महिनाभर तशीच घालून जातोयस बँकेत.”

हमाल अजून दारात पाणी पीत उभा होता. त्याने सभ्यपणे जिन्याकडे पाहिलं. मी टॉवेल गुंडाळून स्वयंपाकघरात बसलो आणि वहीत त्या दिवसाचा खर्च लिहिला. वस्तू, तारीख, किंमत. त्यापुढे घसाऱ्याच्या दराचा रकाना होता. बाहेर मशीन खटखटत होतं. रकान्यात मी काही लिहिलं नाही.

थोड्या वेळाने पँट आली. घातली तर डावा पाय उजव्यापेक्षा अर्धा इंच आखूड झाला होता. मी पायाकडे बघतोय हे आईने पाहिलं.

“इतक्या वर्षांनी बसलेय. अर्धा इंच इकडेतिकडे चालतं,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “बरं.”